चिखलाखालचा नंबर

निवृत्त झाल्यावर जुने सहकारी भेटले की खून-दरोड्यांच्या गप्पा रंगतात. प्रत्येकाकडे आपली एक मर्दुमकीची केस असते, आणि दरवर्षी तिच्यात एक आरोपी वाढतो. माझ्याकडेही तशा दोन-चार आहेत. पण मनात घर करून बसलेली केस वेगळीच आहे. तिच्यात ना खून होता, ना आरोपी. ती टाळून माझ्या नोकरीविषयी काहीही लिहिलं, तर तो अप्रामाणिकपणा होईल.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. रविवारची सकाळ होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे जोडला. खाडीकाठच्या एका गावातून साठीचे एक गृहस्थ बोलत होते. त्यांचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी मोटरसायकलसह नाहीसा झाला होता. आज एक अनोळखी माणूस तीच मोटरसायकल आपली आहे असं सांगत घरी आला होता. गावाने त्याला धरून ठेवलं होतं. लवकर या, नाहीतर पोरं ऐकणार नाहीत, असंही त्यांनी सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर तिशीतला एक माणूस बसला होता. शर्टाची बाही फाटलेली, गालावर वळ. शेजारी पेढ्यांचा बॉक्स उलटा पडला होता. मी तीस वर्षांत तऱ्हेतऱ्हेचे चोर पाहिले, पण ज्याची गाडी चोरली त्याच्याच घरी पेढे घेऊन जाणारा एकही पाहिला नव्हता. तरी नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या माणसाची गाडी याच्याकडे होती, हे खरंच होतं. त्याला ठाण्यात आणलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी सुरू केली.

हा सीवूड्सच्या एका सोसायटीत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा नोकरदार. जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी करायची, ही त्याची हौस. पहिलीच गाडी. कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडून त्याने दोन-स्ट्रोकची जुनी मोटरसायकल उचलली होती. अशी गाडी आता बनत नाही. पेपर कुठे आहेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, भंगारवाला बोलला पेपर नंतर बघू. नवख्याला सगळेच असं सांगतात आणि नवखा ते ऐकतो. जाणता माणूस आधी पेपर बघतो, मग गाडी.

दीड वर्ष हा बाबा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी खोलून बसला होता. सेक्रेटरीने दोनदा नोटीस काढली. याने नट न् नट रॉकेलमध्ये भिजवला, टाकीचा रंग खरवडला, मागची लांब सीट काढून एकट्याची छोटी बसवली, हँडल खाली घेतलं. चासिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मानेवरचा गंज आणि वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने आठवडाभर घासला, तेव्हा कुठे नंबर दिसला. तो नंबर त्याने एजंटाला दिला. एजंटाने मालकाचं नाव आणि गाव काढून दिलं. आणि हा गडी मालकाची ट्रान्सफर फॉर्मवर सही घ्यायला, गाडी तयार झाली म्हणून पेढे घेऊन, थेट त्याच्या घरी गेला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, तसा.

मी तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चार तास तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. पोरगा कुठे आहे? गाडी कुणी दिली? त्याचा आवाज चिरकू लागला, पण उत्तर बदललं नाही. मी त्याचे हात पाहिले. नखांत ग्रीस, बोटांची सालं निघालेली. चोरीची गाडी आठ दिवसांत विकली जाते, दीड वर्ष कुणी तिच्यावर जीव लावत नाही. हे मला पहिल्या तासातच कळायला हवं होतं. पण बाहेर बाकावर मुलाचे आईबाप बसले होते. त्यांना आज काहीतरी सांगायलाच हवं, या घाईत मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

शेवटी तो म्हणाला, "सर, मी पहिल्या दिवसापासून फोटो काढलेत. खोललेलं परत जोडताना विसरायला नको म्हणून. तुम्ही बघा तरी." त्याने मोबाईल पुढे केला. पहिला फोटो भंगाराच्या वखारीतला होता. गंजलेली गाडी आणि टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली अक्षरं. त्याला वाटलं होतं ती भंगारवाल्याची खूण. मला ती पाहताक्षणी कळली. ठाण्यात जमा झालेल्या गाडीवर आम्ही असाच नंबर रंगवतो. "अ.मृ.", म्हणजे अकस्मात मृत्यू, पुढे नोंदीचा नंबर, वर्ष आणि ठाण्याचं नाव.

ते माझं जुनं ठाणं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे उपनिरीक्षक होतो. मी त्या माणसाला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे गेलो. मुद्देमाल कारकुनाने अभिलेख खोलीतून फाईल काढून दिली. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ, संध्याकाळच्या वेळी, अज्ञात वाहनाची धडक. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस ते तीस. मोटरसायकल नाल्यात. नंबरप्लेट आढळून आली नाही. आणि पुढे माझ्याच अक्षरात, 'इंजिन व चासिस नंबर चिखलामुळे दिसून येत नाही'. खाली माझी सही.

दिसून येत नाही! एक बादली पाणी आणि ब्रश मागवला असता तर दिसला असता. पण त्या दिवशी माझ्याकडे आणखी दोन अपघात होते आणि हे वाक्य आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. सगळेच लिहायचे, मीही लिहिलं. मृतदेह सात दिवस शवागारात ठेवला. कुणी आलं नाही म्हणून बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केले. गाडी आवारात कुजली आणि बेवारस वाहनांच्या लिलावात भंगारात गेली. भंगारवाल्याने ती तोडायची, तर त्याने आख्खी विकली. मुलाच्या बापाने दुसऱ्या ठाण्यात मिसिंग दाखल केली होती, गाडीच्या नंबरासकट. माझ्या कागदावर नंबरच नव्हता, मग मेळ बसणार कसा?

फाईलमधला फोटो मी त्या आईबापाला ठाण्यात बोलावून दाखवला. चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. आईने शर्टाच्या एका बटणावर बोट ठेवलं. बाकीची पांढरी, हे एक निळं. तिनेच शिवलेलं. ती रडली नाही. तिने फोटो पदराने पुसला आणि नवऱ्याकडे दिला.

मी त्यांना सगळं सांगितलं. नंबर मी घासून पाहिला नाही, तो पाहिला असता तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात शिपाई आला असता, तुमच्या हातून अग्नी मिळाला असता, हेही सांगितलं. वरिष्ठांनी नंतर मला विचारलं की हे सांगायची काय गरज होती. गरज मलाच होती. बापाने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तो वेगळ्याच विचारात होता. मग त्याने जे सांगितलं, ते त्याच्या मिसिंगच्या तक्रारीत कुठेच नव्हतं. मुलाची नोकरी सुटली होती, दिवसभर गाडी खोलून बसायचा. बाप एक दिवस बोलला, तोंड काळं कर, परत दिसू नको. तो निघून गेला. बापाने घरच्यांना ताकीद दिली की कुणी फोन करायचा नाही, भूक लागली की येईल. तक्रार द्यायला तो सोळाव्या दिवशी गेला. तोवर आम्ही मुलाला जाळलं होतं. नऊ वर्षं तो माणूस हेच धरून होता की पोरगा कुठेतरी जिवंत आहे आणि आपल्यावर रागावून येत नाही. आज तेही गेलं.

त्याने हळूच विचारलं, "सायेब, येक सांगा. तो लांब जात व्हता, का घराकडं येत व्हता?"

मी पंचनाम्याचा कच्चा नकाशा काढला. तेवढं एक काम मी नीट केलं होतं. रस्त्यावर गाडी घसरत गेल्याच्या खुणा पुण्याच्या बाजूकडून खाडीच्या बाजूला काढलेल्या होत्या, बाणासकट. घर सोडल्यापासूनचा तिसरा दिवस होता. मी म्हटलं, "घराकडे येत होता." मला वाटलं, निदान एवढा तरी दिलासा देता आला.

त्याने त्या बाणावरून बोट फिरवलं. मग बायकोला म्हणाला, "तो येत व्हता गं. मी बोलवायच्या आदीच येत व्हता."

आणि आतापर्यंत न रडलेली ती बाई माझ्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. सीवूड्सचा तो माणूसही बोलावल्यामुळे आला होता. त्याने गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि हात जोडून उभा राहिला. ती चावी कुणीच उचलली नाही.

उरलेल्या नोकरीत अपघाताची गाडी आली की मी आधी पाण्याची बादली मागवायचो. पोरं हसायची, साहेब गाडी धुवायला बसले म्हणायची. तपास म्हणजे आरोपी पकडणं, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. कुणीतरी कुठेतरी ताट झाकून वाट बघत असतं, त्याला वेळेवर खबर पोचवणं हाही तपासच असतो. मी ती नऊ वर्षं उशिरा पोचवली, आणि तीही मी नाही, एका हौशी माणसाच्या तारेच्या ब्रशाने पोचवली. त्या आईबापाने मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याचा मला अधिकार नव्हता.