हललेली पेटी

टीव्हीसाठी राखलेले सगळेच चॅनेल सगळीकडे वापरात नसतात. जिथे जो रिकामा असेल त्यावरून इंटरनेट पोचवणाऱ्या एका कंपनीत तो खांब उभारायचा. लोक त्याला खांबवालाच म्हणत. घरावर खांब, खांबावर पेटी. पेटी केंद्राला आपली जागा कळवते, केंद्र तिथला रिकामा चॅनेल सांगतं. पेटीने खोटी जागा सांगितली तर ती दुसऱ्याच्या टीव्हीवर जाऊन बसते, पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून प्रत्येक पेटीला कुलूप होतं. बसवल्या जागेवरून हलली की ती मुकी व्हायची आणि तपासनीस येऊन पाहीपर्यंत मुकीच राहायची.

एकदा कोणीतरी खोटी जागा सांगणारी पेटी लावलीच. नदीकाठच्या खालच्या वस्तीत घरोघरी मुंग्या. दारोदार शिव्या खाल्ल्या त्या खांबवाल्याने, आणि पेटी हुडकून काढली तीही त्यानेच. असं पुन्हा होणार नाही, असा वस्तीला शब्द दिला. तेव्हापासून कुठेही खांब लावला की उतरताना बजावायचा, पेटीला हात लावायचा नाही.

त्याची बायको यंत्रमागावर काम करून बहिरी झालेली. मागांच्या खडखडाटात बायका ओठांवरून बोलणं वाचायला शिकतात, तशी तीही शिकली होती. मुलगी दूरदेशी. रोज दुपारी ती घरच्या पेटीच्या इंटरनेटवरून पडद्यावर यायची, तोंड नीट उघडून बोलायची, आई वाचायची. नवऱ्याचं मात्र तिला वाचता येत नसे. मिशी झुपकेदार, वरचा ओठ झाकणारी.

"तुमच्या मिशीआड काय शिजतंय, देवालाच ठाऊक," ती म्हणायची. तो हसायचा. मिशी तशीच राहायची. बोलायचे कष्ट वाचत होते.

मग बायको अंथरुणाला खिळली. नदीपलीकडे तिच्या भावाचं घर. भावजय दवाखान्यात आया होती, सगळं करायला तयार. खांबवाल्याने बायकोला तिकडे हलवलं आणि मागोमाग पेटीही. दोराने खाली सोडली, पाठीवर वाहून नेली, मेहुण्याच्या छपरावर खांब उभारला, नट आवळले, जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. ओळंबा लावून पाहिला. खांब सरळ. ऑफिसला कळवायचं त्याच्या मनातही आलं नाही. हात लावू नका हे लोकांच्या हातांना सांगायचं असतं, हे तर त्याचे स्वतःचे हात.

कुलपाला हात ओळखता येत नव्हते. पेटीचा दिवा लाल झाला.

ऑफिसात फोनवर बसणारी बाई त्याला ओळखत होती. तपासनीस लांब गेलेत, उद्या येतील, म्हणाली. त्याने बायकोची अवस्था सांगितली. बाईने उलट विचारलं.

"दादा, दुसऱ्या कोणाचा फोन असता तर मी काय करावं म्हणाला असता तुम्ही?"

त्याने फोन ठेवला. डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. आजचा दिवस निघणं कठीण, असं भावजयीला बाजूला घेऊन सांगून गेले होते.

"दाजी, जुनीच जागा भरून टाका की हाताने," मेहुणा म्हणाला. "येतं ना तुम्हाला? खालच्यांना घटकाभर मुंग्या दिसतील. त्याने काही मरत नाही कोणी." आणि त्याने जीभ चावली.

येत होतं. पण जुन्या घरी रिकामा असलेला चॅनेल इकडे खालच्या वस्तीचा होता. खांबवाल्याने जुनी जागा भरली. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. आत बायको काळ्या पडद्याकडे डोळे लावून होती. त्याने भरलेलं पुसून टाकलं.

मग मेहुण्याकडे वस्तरा मागितला.

साध्या फोनवर तिथे आवाज तेवढा पोचायचा. मिशी काढून, ओठावर रक्ताचा ठिपका घेऊन तो खाटेशी बसला. फोन कानाला. मुलगी बोलेल ते तो तोंड मोठं उघडून, सावकाश बोलू लागला. "आई, मी निघालेय. जेवलीस का?"

बायको त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाळा, अजून बोल."

तोवर फोनमध्ये नुसते हुंदके उरले होते. ते ओठांनी सांगता येईनात. म्हणून तो आपल्याच मनचं बोलत राहिला, जन्मभर बोलला नव्हता तेवढं. ती वाचत होती. तिन्हीसांजेला तिचे डोळे मिटले, तरी त्याचं तोंड चालूच होतं. शेवटी भावजयीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. जागा तपासली, कुलूप उघडलं. दिवा हिरवा झाला. खाट रिकामी होती. तपासनिसाने ती पाहिली. खांब सरळ लावलाय, एवढंच म्हणाला. खांबवाल्याने वरच्या ओठावर हात ठेवला. तिथे गार लागत होतं.