खोडलेली नोंद

मेंदू कसा काम करतो याच्या नोंदी शाळेतल्या मुलांनीच जमवून संशोधकांना पाठवायच्या, असा प्रकल्प मी भिवंडीतल्या आमच्या शाळेत आणला. उद्घाटनाला शाल, श्रीफळ आणि ‘उद्याचे शास्त्रज्ञ’ असा फलक होता. पाहुण्यांचं भाषण प्रयोगापेक्षा लांबलं.

प्रयोग साधा होता. टॅबवर ठिपका दिसला की बटण दाबायचं. नंतर स्पीकर वाजला की दाबायचं. आठवीतली एक मुलगी ठिपक्याला सगळ्यांत चपळ निघाली आणि आवाजाला सगळ्यांत सुस्त.

“लक्ष कुठे होतं गं?”

“आवाज आलाच नाही, मॅडम. बाकीच्यांची बोटं बघून दाबलं.”

“म्हणजे इथंही कॉपी!” मी म्हणाले. वर्ग हसला. मी वहीतली तिची नोंद लाल पेनानं खोडली.

दीड वर्षानं तिची आई शाळेत आली. मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं.

“आमचं घर लूमच्या कारखान्याला चिकटून हाय, दिवसरात मागांचा खडखडाट. आम्ही सगळीच ओठ बघून बोलतो, म्हणून कळलं न्हाय. डॉक्टर विचारतात, कधीपासून? तुम्हाला काय जाणवलेलं का, मॅडम?”

मी कपाटातून वही काढली. तारीख, तिचं नाव आणि माझी लाल रेघ, सगळं स्वच्छ वाचता येत होतं.