चुलत्याची तपासणी

लोणावळ्याच्या मानसोपचार ओपीडीत चुलता समोर येऊन बसला, तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. दहा वर्षांची असताना मी मामाकडे गेले, ती मावळातल्या त्या वाडीत परत फिरकले नाही. शिवाय आता तोंडावर मास्क होता. नियमाने मी ही केस दुसऱ्या डॉक्टरकडे द्यायला हवी होती. दिली नाही. इतक्या वर्षांनी तो माझ्या तावडीत आला होता.

त्याला मुलाने आणलं होतं. मुलाला जमीन विकायची होती आणि म्हातारा अंगठा देत नव्हता. "लय भ्रमिष्टावानी करत्यात," मुलगा म्हणाला. बाप वेडा ठरला की त्याचं काम सोपं होणार होतं. बापाची उत्तरंही तोच द्यायला लागला, म्हणून मी त्याला बाहेर बसवलं.

सुरुवातीचे प्रश्न माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरने विचारले. मुलगी शहरातली. इथे कसे आलात? "घोरावाडीस्नं गाडीनं." लक्षात ठेवायला तीन शब्द दिले: विळा, लिंबू, घोडा. मग तारीख विचारली.

"तारीख न्हाई ठावं. आज वद्य अष्टमी. उद्या अविधवा नवमी."

तिने शून्य मांडलं. महिना विचारला, तर तो "भादवा" म्हणाला. फॉर्मला सप्टेंबर हवा होता. आणखी एक शून्य.

उत्तर अचूक आहे हे मला माहीत होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान पितृपक्षात त्या नवमीला वाढतात. आईसाठी मीच उद्याची रजा टाकली होती. ती शून्यं नुसती राहू दिली असती तरी पुरे होतं. खोटं कशाला सांगू, पेन हातात धरून मी ते सुख चाखलं. घरच्या कोपऱ्यात पडलेला, कुणी न ऐकणारा म्हातारा मी डोळ्यांपुढे आणला आणि मला बरं वाटलं.

माझा पाठचा भाऊ जन्मताच गेला, तेव्हा आईने बोलणं टाकलं. या माणसाने ती येडी झाल्याचं गावभर सांगितलं आणि अख्खा पावसाळा तिला गोठ्यात बांधून ठेवलं. वडिलांनी थोरल्या भावापुढे तोंड उघडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

पुढची तपासणी मी घेतली. तिन्ही शब्द त्याने न अडखळता सांगितले. मग फॉर्मवरचाच प्रश्न होता, घरात आधी कुणाला वेडाचा त्रास?

"धाकल्या भावाची बायकू. येडी व्हती."

"कशावरून?"

"बोलत नव्हती. पोर गेलं व्हतं तिचं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"न्हाई."

"मग ती वेडी आहे, हे कुणी ठरवलं?"

"म्या."

मी दोन्ही शून्यं खोडली, खाली सही केली आणि रिपोर्ट त्याला वाचून दाखवला. भान शाबूत. स्मरण चोख. आपण काय करतो आणि त्याने काय होतं, हे याला पुरतं कळतं.

"म्हंजी म्या येडा न्हाई?" त्याचा चेहरा खुलला.

"नाही, आबा." मी मास्क काढला. माझा चेहरा आईवर गेला आहे. "तुम्ही तेव्हाही नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कागदाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, तसं लिव्हू नका."

लिहून झालं होतं.