पंप मिस्त्री काय शोधत होते

कॉलेजची एक मुलगी वहीचा फाडलेला कागद घेऊन आमच्या ठाण्यात आली, ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. मारेगावच्या बाजूला मी तेव्हा हवालदार होतो. कापसाची वाईट वर्षं चालली होती. किडीच्या भीतीने जो तो फवारणी वाढवत होता. मला लिहिण्याचा सराव जबाब-पंचनाम्यांपुरताच. निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं, आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, म्हणून हे धाडस.

मुलीचे वडील फवारणीचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांच्याकडून नेलेला पंप पाठीवर गळला आणि एक मजूर बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेला. दवाखान्याची खबर आली की जबाब घ्यावेच लागतात. मी दुकानात जाऊन म्हणालो, "मिस्त्री, संध्याकाळी ठाण्यात ये. पाहतो तुला."

मिस्त्री आले नाहीत. घरीही नव्हते.

तिसऱ्या दिवशी मजूर शुद्धीवर आला. टाकीला दुरुस्तीनंतर तडा गेला, ती आपणच तारेने बांधून वापरली, असं त्याने सांगितलं. तक्रार नव्हती, गुन्हा दाखल झाला नाही. मिस्त्रींच्या नावे मिसिंगची नोंद तेवढी झाली. बायको लपवते आहे, असा माझा संशय. तिला दोनदा बोलावून उलटसुलट विचारलं. ती एकच सांगे, "अल्ला की कसम साहेब, मालूम नही."

चार महिन्यांनी तो कागद आला.

"साहेब, अब्बूच्या दुकानातलं मी ब्लॉगवर लिहिते," मुलगी म्हणाली. "लोक काय शोधत तिथं येतात, ते मले दिसते. वाचा न."

"हे तर सगळं वॉशर कसं बदलायचं, तेच आहे."

"खालचं वाचा. हे फक्त शुक्रवारी येते. अब्बूचं दुकान शुक्रवारीच बंद राहे."

खाली तीन ओळी होत्या. ‘पंप लीक मिस्त्री को सजा’. ‘मारेगाव पंप मजदूर जिंदा है क्या’. ‘पुलिस जबाब को बुलाती तो मारती क्या’.

तिसरी ओळ वाचून मी कागद टेबलावर ठेवला. ‘पाहतो तुला’ हे मी रोज दहा जणांना म्हणत असे.

"कुठून शोधलं ते कळतं?"

"नाही. फक्त शब्द दिसतात. पण अब्बू तिथं येतात न साहेब, तर तिथंच उत्तर ठेवू."

असं उत्तर ठाण्याकडून लिहून द्यावं का, ठाणेदार साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आता पोलीस इंटरनेटवर दाखले वाटणार काय? मी सही करणार नाही." मग म्हणाले, "पण खरं लिहायला सही लागते कायले?"

आम्ही मजुराच्या घरी गेलो. तो हसला. "त्याले सांग पोरी, मी जित्ता हाओ. कापूस येचून राह्यलो. काहून पळाला म्हना, माहा पंप आता कोन दुरुस्त करन?"

मुलीने ते तिन्ही प्रश्न जसेच्या तसे मथळ्यात घातले. खाली मजुराचं बोलणं, त्याखाली माझं: गुन्हा दाखल नाही, फक्त साक्षीदार म्हणून जबाब हवा, कोणी हात लावणार नाही.

"तुमचं नाव टाकू?" तिने विचारलं. मी जरा अडखळलो. मग म्हणालो, "टाक."

तीन शुक्रवार काहीच झालं नाही. चौथ्यानंतरच्या शनिवारी सकाळी मिस्त्री ठाण्याच्या पायरीशी उभे होते. बारीक झालेले. आदिलाबादला गॅरेजमध्ये होते; शेजारचा सायबर कॅफेवाला त्यांचे प्रश्न टाईप करून द्यायचा, त्यानेच उत्तर वाचून दाखवलं होतं.

"घरी जाऊन आलात?"

"नाही साहेब. पहिले इथं. पुन्हा पळालो, असं वाटाले नको."

मी मुलीला निरोप धाडला. ती धावत आली आणि दारातच थांबली. मग म्हणाली, "अब्बू, चाय पिली काय?"

हरवलेला माणूस कुठे असेल, एवढंच आम्ही विचारत होतो. तो स्वतः काय विचारत असेल, हे त्या मुलीला सुचलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कोणालाही ठाण्यात बोलावताना मी आधी सांगत असे, साक्षीदार म्हणून बोलावतो आहे की आरोपी म्हणून. एवढं सांगायला एक वाक्य पुरतं. ते मी वेळेवर बोललो नाही, म्हणून एका घरात पाच महिने बाप नव्हता.