ओळीने अकरा एक

“तुमी म्हणता तं खरंच असंल जी, पण मी आपला पाहून घेतो,” असं म्हणत आमचे शिपाईकाका कानामागची पेन्सिल काढायचे. पवनीजवळच्या त्या शाळेत गणिताचा मास्तर मी, आणि पाहून घ्यायची सवय त्यांना. व्हायला हवं होतं उलट.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एसटीचा नंबर असो की धानाच्या ट्रकचा, आकडा दिसला की त्याला कशाने भाग जातो हे सांगितल्याशिवाय यांना चैन पडायची नाही. शिक्षण सातवी. भागाकार मात्र माझ्यापेक्षा नेटका.

एकदा नववीच्या वर्गात मला विद्वत्ता चढली. फळ्यावर ओळीने अकरा एक लिहिले आणि ठोकून दिलं, “ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही.” मी तपासलं होतं तेरापर्यंत, तेही घाईत. नोटीस घेऊन दारात उभ्या असलेल्या काकांनी विचारलं, “कुठवर पायलं जी सर?”

अख्ख्या वर्गासमोर मास्तराने काय म्हणावं? “सगळं पाहिलंय,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून काका भागाकाराला बसले. सम आकडे सोडायचे, शेवटी पाच असलेले सोडायचे, बाकी एकेक करत पुढे. रोज दहा. त्यापायी मधल्या सुट्टीची घंटा कधी पाच मिनिटं उशिरा व्हायची. हेडमास्तर तापले की उत्तर ठरलेलं, “भागाकार अर्ध्यात होता जी.” मला भेटले की सांगायचे, “एक हजार नऊवर आलो. नाई जात.” मी जाणत्यासारखी मान डोलवायचो.

पुढच्या वर्षी सहज मोबाइलवर ती संख्या टाकून पाहिली. त्याने क्षणात माझी लाज काढली. तिला एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग जातो. वर हेही कळलं, की तिला भागणारी कुठलीही मूळ संख्या बावीसच्या पटीपेक्षा एकाने मोठीच असते. म्हणजे काकांचे दहातले नऊ भागाकार फुकट. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काका सात हजारांवर पोचले होते आणि मला माझं नाक प्रिय. म्हटलं, त्यांचं त्यांनाच सापडेल, मी पाठ थोपटेन आणि सुटेन.

ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी भीतभीत विचारलं, “काका, कुठवर?”

“बावीस हजाराच्या वर गेलो जी. नाईच जात. तुमचं खरं हाय.”

म्हातारा माणूस, हातचा विसरला असेल, असं मी मनाशी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

निवृत्तीनंतर ते लाखांदूरला मुलीकडे राहायला गेले. यंदा ते वारले. मी भेटायला गेलो तेव्हा मुलीने वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. “बाबा म्हणत होते, हे सरले दाखवजो.”

मी तो आकडा शोधला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य. खाली तोच भागाकार पुन्हा मांडलेला, बाकी शून्य. तिसऱ्यांदा मांडलेला, तरी शून्य. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सर सगळं पाहून बसले. माझंच चुकलं.’ आणि पुढच्या पानावर पुढचा आकडा सुरू.

माझ्याने मान वर करवेना. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

“बाबाचं कुठी चुकलं का जी सर?” मुलीने विचारलं.

“नाही. बाबांना उत्तर सापडलं होतं. मीच वर्गात खोटं बोललो होतो.”

खिशात लाल पेन होतं. तिन्ही शून्यांशेजारी बरोबरची खूण केली. मग ‘माझंच चुकलं’ या शब्दांखाली मी माझी सही केली.