दलपत आणि माझं ‘नाही समजलं’

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आठवीतल्या एका संध्याकाळी मला पहिल्याच वेळी समजलं होतं… आणि तरी मी हात वर करून ‘नाही समजलं’ म्हणालो. एकदा नाही, तीनदा. दलपत आडे गेल्याचं सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होतो. “भाऊजी, तुमचे दोस्त गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी शाळेत जायला निघताना झटका आला, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला आणि, लाज वाटते लिहिताना, दुःखाच्या आधी मनात आलं ते हे, की आता त्याला सांगायला नको. सुटल्यासारखं वाटलं मला. महिना उलटून गेला, ते सुटणं काही घशाखाली उतरत नाही.

आमची शाळा दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, हातभर जाडीच्या भिंती, सागाची दारं. साऱ्या जिल्ह्यातून परीक्षा घेऊन मोजकी पोरं निवडायची आणि तिथंच ठेवून घ्यायची. जो तो आपल्या गावातला पहिला. इथं सगळेच पहिले आहेत हे कळलं, की पहिल्या आठवड्यात पोरं गुपचूप रडायची. मी कळंबचा, वकिलाचा मुलगा. दलपत आर्णीकडच्या तांड्यावरचा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, मराठी त्याला शाळेत गेल्यावरच भेटलेली. त्या शाळेची एक रीत होती, आमच्याही कितीतरी आधीपासूनची. संध्याकाळच्या अभ्यासाला सर शिकवत नसत. वर्गातलाच एक जण फळ्यापाशी उभा राहून दिवसाचा धडा पुन्हा समजावायचा, सर मागच्या बाकावर बसून ऐकायचे. शेवटच्या पोराला समजेपर्यंत त्या वर्गाला जेवणाची घंटा नाही. ‘नाही समजलं’ म्हणणाऱ्यावर हसायचं नाही, हा नियम होता. समजावणाऱ्यावर हसू नये, असा मात्र नियम नव्हता. ज्याला हे जमेल त्याच्याकडे सत्रभर फळा राहायचा. ‘फळेकरी’ म्हणायचे त्याला. दहावीची दांडगी पोरंसुद्धा त्याला वाट द्यायची.

आठवीचा फळा माझाच, असं मी धरून चाललो होतो. बोरकर सरांनी त्या संध्याकाळी खडू दिला तो दलपतच्या हातात. धडा होता, वजा गुणिले वजा अधिक का होतं. त्यानं फळ्यावर एकाखाली एक गुणाकार मांडले, उत्तरं वजातून शून्यापर्यंत कशी चढत येतात आणि मग पलीकडे कशी निघतात ते दाखवलं. स्वच्छ मांडणी होती. माझा हात वर गेला.

“मले नाही समजलं.”

“कोणतं नाही समजलं?”

“सारंच.”

त्यानं दुसऱ्या रीतीनं सांगितलं. मी पुन्हा ‘नाही समजलं’ म्हणालो. भोजनगृहातून फोडणीचा वास येत होता, मागून कुणीतरी फुसफुसलं, “अबे वकिलाच्या, भूक लागून राह्यली ना!” मी तिकडे पाहिलं नाही. मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दलपत गडबडला की त्याची मराठी सुटायची आणि गोरबोली तोंडात यायची. मला तेवढंच हवं होतं. तिसऱ्यांदा ‘नाही समजलं’ म्हणालो आणि ते झालं. “देख भिया…” तो बोलून गेला. भिया म्हणजे भाऊ. सगळा वर्ग फुटला. “ए भिया, आता तुह्या बोलीतच सांग, पोळी त लवकर भेटंन!”

हसणं थांबेपर्यंत दलपत उभा राहिला. मग फळा सोडून माझ्या बाकापाशी आला. त्यानं फरशीवर, भिंतीपासून दारापर्यंत, खडूनं एक लांब रेघ ओढली आणि मला मधोमध उभं केलं. “भिया,” आता तो मुद्दाम म्हणाला, “भिंत म्हंजे वजा, दार म्हंजे अधिक. पह्यलं वजा, तोंड भिंतीकडं कर. केलं? आता दुसरं वजा, उलट्या पावलानं चाल. चाल ना बे, पडत नाहीस!” मी चाललो. “आता पाह्य, कुठं आला?” मागे वळून पाहिलं तर पाठीशी दार होतं. नियम मला पाठ होता, फळ्यावरची मांडणीही कळली होती; पण हे असंच का व्हावं लागतं, ते त्या क्षणी पायांना कळलं. अंगावर काटा आला. माझ्याच वयाचा पोरगा, सगळा वर्ग त्याच्यावर हसतो आहे, आणि याच्या डोक्यात एवढंच, की समोरच्याला अजून कसं सांगता येईल… हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. मी खोटं बोललो होतो ते त्याला खाली पाडायला.

घंटा झाली. जेवताना तो माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, “बरं केलं, लाजला नाहीस. बाकीचे पोट्टे उगाच माना हलवतात.” त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मी इंजिनिअर झालो. दलपत कुठंही जाऊ शकला असता, तेवढे गुण होते त्याच्याकडे. तो त्याच शाळेत गणित शिकवायला परत आला. दर नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तो ‘भिया’ची गोष्ट सांगायचा. मागच्या वर्षी हट्टानं मला वर्गात नेलं. “पोट्टेहो, हाच तो भिया!” सगळा वर्ग उभा राहिला. “सारे उपाशी पोट्टे याले शिव्या देऊन राह्यले होते, अन् हा म्हणे नाही समजलं. ज्याले समजलं नाही त्याच्यापाशी आपुन चालत जा लागते, हे मले यानं शिकवलं.” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, तुम्हाले भेव नाही लागलं?”

“लागलं ना,” मी म्हणालो. “पण विचाराच लागते.”

टाळ्या झाल्या. दलपत माझ्याकडे अभिमानानं बघत होता. आठवीतलं खोटं तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं होतं. हे खोटं मी केस पांढरे झाल्यावर बोललो.

तेरावं झाल्यावर वहिनींबरोबर त्याचं सामान आणायला शाळेत गेलो. संध्याकाळ होती. त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नव्हतं, तरी वर्ग भरला होता. आम्ही व्हरांड्यात थांबलो. आतून एका मुलाचा आवाज आला, “मले नाही समजलं.” कुणी हसलं नाही. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं हातावरची पांढरी पूड ओढणीला पुसली आणि ती त्याच्या बाकाकडे चालत गेली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. “असेच जायचे हो ते…” मग म्हणाल्या, “आत जा ना भाऊजी, पोरायले बरं वाटंन.”

मी गेलो नाही. खरं सांगितलं तर या मुलांचे वर गेलेले हात खाली येतील, म्हणून गप्प राहावं, असं मी त्यानंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. पण ती मुलगी बाकापर्यंत चालत गेली ती काही माझ्यामुळे नाही. त्या संध्याकाळी धीट होता तो दलपत. मी फक्त जळत होतो. हे त्या वर्गासमोर उभं राहून, माझ्या तोंडानं सांगणं मी दलपतचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.