मी अख्खं गाव उठवलं

चहा संपेपर्यंत हसणार न्हाई असं कबूल करा, मंगच सांगते. हा किस्सा मी आमच्या कॉलेजात कुणालाही सांगितलेला न्हाई. कसा सांगणार? तिथं मी समाजशास्त्र शिकवते. शब्दांचा माणसांवर काय परिणाम होतो यावर दरवर्षी मान वर करून बोलते. अन् त्याच शब्दांनी मी एक अख्खं गाव उठवलं. उठवलं म्हणजे झोपेतून न्हाई हो. घरादारासकट उठवलं!

तेव्हा कॉलेजात शिकवता शिकवता माझी पीएचडी चालू होती. विषय होता ‘ग्रामीण दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे पुनर्वसन’. म्हणणं असं, की ज्याला चालता येत न्हाई त्याची अडचण नुसती त्याच्या पायात नसते. ती आपण बांधलेल्या पायऱ्यांत असते, आपल्या नजरेत असते. म्हणून माणसाला दुरुस्त करायला धावण्याआधी जरा गावाकडं बघा. यात चुकीचं काही आहे का? न्हाई. मी आजही हेच म्हणते. चूक पुढं आहे.

गाव राजूरच्या पुढं, भोकरदनच्या अंगाला. नाव सांगत न्हाई. मी त्यांचं नाव सांगितलं तर ते माझं सांगतील.

जालन्याहून स्कूटीवर गेल्ते. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी अन् हातात मोजायचा टेप. टेप कशाला? तर कुणाचा उंबरा किती उंच, कुणाच्या दारातून व्हीलचेअर जाईल का, हे मला मोजायचं होतं. पहिलंच घर रुख्मामावशीचं. तिच्या मालकांना, तात्यांना, लकवा मारलेला. आतल्या खोलीत बाजेवर पडून असायचे. मी नमस्कार केला अन् सरळ दाराला टेप लावला.

“काय मोजून राह्यली वं माय?”

“दार मोजतेय मावशी. आमचा एक प्रकल्प आहे.”

“परकल्प?”

“हो. तुमच्या गावापासून सुरू करतोय. बरं, या घरात बाधित कोण कोण आहे?”

मावशीनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मावशीकडं.

“बाधित म्हंजे?”

“म्हणजे ज्यांच्या जगण्यावर परिणाम झालाय असे. तात्या तर आहेतच. अजून कुणी?”

“मंग आम्ही समदेच हाओत की!”

“अच्छा. आता सांगा, घराबाहेर पडायला तुम्हाला सगळ्यात मोठी अडचण काय वाटते?”

“कामून पडायचं घराबाहेर?” मावशीनं दाराची चौकट धरली. “आमची हयात गेली हितं!”

मी मनात म्हटलं, बघा! चार भिंतींत राहायची किती सवय झालीय बिचारीला! मंग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला अन् अगदी मायेनं म्हटलं, “घाबरू नका मावशी. आत्तापर्यंत तुमचं पुनर्वसन झालं न्हाई ना? आता होईल. त्यासाठीच आलेय मी.”

मावशीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आनंदाश्रू!

आता तुम्हीच सांगा. आपल्या मराठवाड्यात एक अनोळखी बाई टेप घेऊन येते. प्रकल्प म्हणते, बाधित विचारते, पुनर्वसन करते म्हणते. माणसानं काय समजायचं? धरण! दुसरं काय? हे तिन्ही शब्द तलावांनी अन् महामार्गांनी कधीचेच उचलून नेलेत. पण हे मला कुठं माहीत? मी पुस्तकातून आल्ते ना!

अशी आणखी चार-पाच घरं केली. प्रत्येक दाराला टेप, प्रत्येक घराला तेच आश्वासन. शेवटी कडूबाभाऊच्या पिठाच्या गिरणीवर पोचले. कडूबाभाऊचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. हातानं फिरवायची तीनचाकी सायकल घेऊन गावभर हिंडणार अन् बोलणं असं, की गिरणी चालू असली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. त्यांनी मात्र मला बसवून सगळं खोदून खोदून विचारलं. म्हणून त्यांना मी नीट सांगितलं.

“म्हंजे माझ्या पायाचा काही कसूर न्हाई?”

“बिलकुल न्हाई, भाऊ. कसूर पायऱ्यांचा.”

“आन मी उगंच पायावर चिडून राह्यलो!” म्हणत ते खदखदून हसले. मंग म्हणाले, “आमची ग्रामसभा वरच्या मजल्यावर भरती. खाली भरवा न्हाई तं उतार तरी बांधा, म्हणून लई डाव सांगितलं. ग्रामसेवक म्हन्ले, तसा अर्ज लिहा अन् वर आणून द्या.”

मी हसले. ते हसले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. गावात शिरतानाच नवल वाटलं. काल रिकामी असलेल्या जागेत आज पत्र्याचं शेड! एकजण घरामागच्या उकिरड्यावर मोसंबीची रोपं लावून राह्यला. मी त्याला म्हटलंसुद्धा, “वा! छान उपक्रम आहे.” तो म्हणाला, “मॅडम, ही झाडं जुनीच हायेत, तसंच लिहा.” मला वाटलं, विनोदी दिसतोय.

पारापाशी सगळं गाव उभं. “आल्या! आल्या!” कुणीतरी माझ्या स्कूटीची चावीच काढून घेतली. पुढं सरपंच, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी हात जोडले, पण चेहरा असा की हे हात आता माझ्या गळ्यापर्यंत येतात का काय!

“मॅडम, एकच विचारतो. पाणी कुठपर्यंत येणार?”

मी म्हटलं, चला, गाव जागरूक आहे. पाण्याचा प्रश्न माझा नव्हता, पण गप्प बसेन तर मी कसली प्राध्यापक? आवाज चढवून म्हटलं, “पाणी प्रत्येकाच्या दारापर्यंत आलंच पाहिजे! तो तुमचा हक्क आहे!”

झालं! एकच कल्ला. रुख्मामावशी मटकन रस्त्यावर बसली. एकजण ओरडला, “दारापर्यंत! म्हंजे मारुतीचं देऊळ बी गेलं!” आप्पांनी तिथंच जाहीर केलं, “ग्रामसभा! आत्ताच्या आत्ता!”

ग्रामसभा भरायची ती पंचायतीच्या माडीवर. पण एरवी तिथं पंधरा-वीस टाळकी यायची, आज अख्खं गाव. मावणार कसं? मंग शाळेपुढच्या लिंबाखाली सतरंज्या पडल्या. चौघांनी तात्यांना बाजेसकट उचलून आणलं. मावशीच म्हणाली म्हणे, “उठवायचं तं आम्हाला बाजेसकट उठवा, मी बघते कोण उठवतं ते!” कडूबाभाऊ सायकल घेऊन थेट पहिल्या रांगेत.

घोषणा सुरू झाल्या. “धरण रद्द झालंच पाहिजे!”

मी शेजारच्या बाईला हळूच विचारलं, “कुठलं धरण हो?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला सगळं एकदम उमगलं. प्रकल्प. बाधित. पुनर्वसन. टेप. पाणी दारापर्यंत! वाटलं, लिंबावर चढावं अन् तिथंच राहावं.

पण मी शिक्षिका. उठले, माइक धरला अन् म्हटलं, “तुमचा गैरसमज झालाय. पुनर्वसन हा शब्द मी स्थलांतर या अर्थानं वापरला न्हाई. मला सामाजिक समावेशन अभिप्रेत आहे.”

“समावेशन?” मागून आवाज आला. “म्हंजे आपलं गाव कोणत्या गावात घालून राह्यले?”

“तसं न्हाई! माझ्या अभ्यासाची एक सैद्धांतिक चौकट आहे…”

“चौकट तं तू कालच मोजून गेली वं!” मावशी कडाडली.

जितकं समजावत होते तितकं धरण उंच होत होतं. शेवटी माझी नजर कडूबाभाऊंवर गेली.

“भाऊ, तुम्हाला तर सगळं माहीत आहे! तुम्ही सांगा ना!”

“सांगतो की. माइक द्या.” त्यांनी सावकाश घसा खाकरला. “सरपंच, मी या ग्रामसभेत पहिल्यांदा येऊन राह्यलो. तवा आधी माझा विषय. पंचायतीला उतार बांधायचा. अन् बांधून होईस्तोवर सभा हितंच, खाली. ज्याला मंजूर त्यानं हात वर करा.”

“अरे कडूबा, धरणाचं काय?” आप्पा ओरडले.

“मला बाईनं समदं सांगितलंय. उतार मंजूर झाला की धरणाचं सांगतो.”

अहो, असे हात वर झाले! मावशीनं तर दोन्ही केले. ग्रामसेवकांनी मुकाट्यानं ठराव लिहून घेतला. तो वाचून दाखवायला लावला कडूबाभाऊंनी. मंग म्हणाले, “आता ऐका. धरण-बिरण काही न्हाई. बाईला फक्त बघायचं होतं, की माझ्यासारख्याला, तात्यासारख्याला आपल्या गावात हिंडता-फिरता येतं का न्हाई. बस.”

बस! जे मला दोन दिवसांत जमलं न्हाई ते त्यांनी एका दमात सांगितलं. मंग असा हशा उसळला की लिंबावरचे कावळे उडाले. फक्त झाडांच्या मोबदल्याची वाट बघणारा मोसंबीवाला तेवढा हिरमुसला होता.

मावशी उठून माझ्याकडं आली. मी गाल सांभाळला. पण ती एवढंच म्हणाली, “असं सोपं कालच कामून न्हाई सांगितलं वं? तात्यांच्या घशाखाली घास उतरला न्हाई.”

मला खरंच फार वाईट वाटलं. तात्यांची माफी मागायला बाजेपाशी गेले. तर तात्या कुठं ऐकायला मोकळे होते? लकवा मारल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेर आल्ते. जुनी दोस्तमंडळी बाजेभोवती बसलेली. तात्यांची जीभ जड, पण बोलणं चालूच. चौघं बाज उचलायला आले, तर तात्यांनी बरा असलेला हात हलवून त्यांना हाकललं. “थांबा… जरा.” दिवस कलेपर्यंत बाज तिथंच होती.

निघताना मी कडूबाभाऊंना गाठलं. “गावाचा गैरसमज झालाय हे तुम्हाला कालच कळलं होतं ना?”

“हाव. गिरणीवर काय कळत न्हाई?”

“मंग बोलला का न्हाईत?”

“बोललो असतो तं सभा भरली असती का? अन् भरली असती तं वरच भरली असती.”

उतार झाला. प्रबंधही झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी कौतुकानं विचारलं, “या गावातला बदल तुमच्या नेमक्या कोणत्या हस्तक्षेपामुळे घडला?” मी पाण्याचा अख्खा ग्लास रिकामा केला अन् म्हटलं, “संवादामुळे, सर.”

परवा एक फोन आला. “मॅडम, मी कडूबाचा मावसभाऊ बोलून राह्यलो. मला बी चालता येत न्हाई अन् आमची बी सभा माडीवरच भरती. तुम्ही जल्दी या आमच्या गावाला.”

माझी छाती अशी फुगली! म्हटलं, “नक्की येते, भाऊ. अन् या वेळी मी सगळं अगदी सोप्या भाषेत समजावून सांगते.”

“न्हाई न्हाई मॅडम!” तो घाबरून ओरडलाच. “समजावून बिलकुल सांगू नका. तुम्ही आपल्या नेहमीसारख्या बोला. लोकांना समजलं की ते घरीच बसतात.”